मनाचा थारा

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडची येळवस. त्या दिवशी बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण या भागातल्या गावांतून माणूस दिसत नाही, सगळे शेतात असतात. ज्वारीच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी केलेली असते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. शेजारी आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे. पूजा झाली की पिकाभोवती फिरत आंबील शिंपायची आणि कानडी वळणाची हाळी द्यायची. ती हाळी मराठी घरंही कानडीतच देतात, अर्थ विचारला तर निम्म्यांना सांगता येत नाही. सीमेपलीकडे लातूर आणि उस्मानाबादकडेही (आता धाराशिव) सण हाच आणि जेवणही हेच.

दोन वर्षांपूर्वीच्या येळवसला माझा चुलतभाऊ हैदराबादहून आमच्या भालकीच्या शेतात आला होता. नोकरीचा घोळ चालला होता आणि कित्येक महिने झोप नव्हती. गोळी घेतली तरी पहाटे तीनला डोळे उघडायचे, असं तो सांगत होता. जेवण झाल्यावर तो कोपीला पाठ लावून बसला, पाय लांब केले आणि बघता बघता झोपला. ढेकळं टोचत होती, माश्या बसत होत्या, मुलं आरडाओरडा करत होती. तो दिवस कलेपर्यंत उठला नाही. कुणीतरी उठवायला निघालं तेव्हा आई म्हणाली, "निजू दे त्याला. जीव ठिकाणावर आलाय लेकराचा."

आपण हे रोज बोलतो. मन थाऱ्यावर नाही, डोकं ठिकाणावर आहे का, जीव जाग्यावर नाही. मनाच्या अवस्थेबद्दल बोलताना मराठी माणूस जागेची भाषा वापरतो. हा नुसता वाक्प्रचार आहे असं मला पूर्वी वाटायचं. नंतर थोडं वाचलं, थोडं पाहिलं, आणि कळलं की यात बरंच तथ्य आहे. एखाद्या ठरावीक जागी गेल्यावर जीव शांत होतो, तेव्हा नेमकं काय घडत असतं, ते जरा सावकाश पाहू.

सुरुवात डोक्याच्या आतून करावी लागेल. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो, दोन्ही बाजूंना एकेक. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओ'कीफ यांनी उंदरांच्या या भागात अशा पेशी दाखवून दिल्या की ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला की जाग्या होतात. या कोपऱ्यात आला की एक पेशी, त्या कोपऱ्यात गेला की दुसरी. पुढे २००५ मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या जोडप्यानं शेजारच्याच भागात अंतर मोजण्याचं जाळं धरणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. आपल्या मेंदूत जागांचा नकाशा सतत काढला जात असतो, असा याचा साधा अर्थ.

गंमत पुढेच आहे. हाच हिप्पोकॅम्पस आठवणीही जुळवतो. कोण भेटलं, काय बोललं, काय झालं, हे सगळं तो 'कुठे' या खुंटीला अडकवून ठेवतो. म्हणून आपण स्वयंपाकघरातून उठून काहीतरी आणायला निघतो, माजघरात आल्यावर काय आणायचं होतं ते विसरतो आणि परत चुलीपाशी गेल्यावर ते आठवतं. जागा परत मिळाली की तिच्याबरोबर बांधलेली आठवणही परत येते. माझ्या भावाला कोपीपाशी झोप लागली, कारण त्याच्या शरीराला ती जागा आठ-दहा वर्षांचा असल्यापासून माहीत होती. आजोबा बाजूला बसलेले असत, कुणी अभ्यासाचं विचारत नसे, संध्याकाळपर्यंत काही करायचं नसे. त्यानं हे मुद्दाम आठवलं नसणार. पाठीला पेंढ्या लागल्या आणि बाकीचं आपोआप झालं.

आठवणीबरोबर भावना येते. हिप्पोकॅम्पसला लागूनच बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. भीती, माया, ओढ यांत त्याचा मोठा वाटा असतो. ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या आवडत्या जागा आणि त्यांच्या जवळच्या वस्तू, म्हणजे फोटो, लग्नाची अंगठी, अशा गोष्टी दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. वस्तूंपेक्षा जागा पाहताना अमिग्डाला जास्त सक्रिय झाला. तपासलेली माणसं थोडीच होती, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण भालकीच्या शेतातली गोष्ट जवळून पाहिलेल्या माणसाला हा निष्कर्ष नवा वाटत नाही.

तिसरी गोष्ट लक्षाची. दिवसभर आपण लक्ष ओढून धरत असतो: फोन, हिशेब, गाड्यांचे हॉर्न, साहेबाचा आवाज. हे ओढून धरलेलं लक्ष स्नायूसारखं थकतं. अमेरिकेतले रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात सांगितलं की काही जागा या थकलेल्या लक्षाला विसावा देतात. अशा जागी रोजच्या रहाटगाडग्यापासून सुटका हवी, फिरायला-पाहायला पुरेसा पैस हवा, जोर न लावता नजर खिळवणारं काहीतरी हवं, आणि त्या माणसाला ती जागा मानवली पाहिजे. वाऱ्यावर डोलणारी ज्वारी, वाहतं पाणी, चुलीतला जाळ यांच्याकडे आपण बघतो पण दमत नाही. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, रॉजर उल्रिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी चाळल्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची जोरदार औषधं कमी लागली. नुसत्या खिडकीनं एवढं होत असेल तर स्वतःच्या शेताच्या बांधावर बसल्यानं काय होत असेल?

आता बीदर शहराकडे चला. शरीर आणि जागा यांचा संबंध मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो झरणी नरसिंहाच्या भुयारात.

बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलंय. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून खाली झिरपतो आणि खालच्या काळ्या कातळाला अडतो, मग पठाराच्या कडेला झरे होऊन बाहेर पडतो. नरसिंहाची झरणी, पापनाश, गुरुनानक झिरा हे सगळे अशा पाण्याचे ठाव. शिखांच्या श्रद्धेनुसार गुरू नानकांच्या पावलानं इथे गोडं पाणी लागलं, आणि पहिल्या पंज प्याऱ्यांतले भाई साहिब सिंग हे बीदरचे, म्हणून पंजाबातून दोन हजार किलोमीटर ओलांडून माणसं इथे येतात. नौबादला बहमनी काळात खोदलेली सुरंग बावी, म्हणजे करेझ, तीही याच पाण्यासाठी. कोरड्या मुलखात पाणी सापडलं की माणूस थांबतो, थांबला की हात जोडतो. आपल्याकडच्या मनाच्या जागांचा जन्म बहुतेक वेळा असाच झालाय.

झरणीला पायऱ्या उतरून खाली जायचं. चपला, फोन, पाकीट बाहेर ठेवायचं, कारण पुढे पाणी आहे. भुयार साधारण तीनशे मीटर लांब. पहिल्या पावलाला पाणी घोट्याशी, मग गुडघ्याशी, मग कमरेशी आणि मधे छातीपर्यंत येतं. वर वटवाघळं लटकलेली. बायका पदर खोचून, बाप पोरांना खांद्यावर घेऊन चालतात. टोकाला एका चिंचोळ्या जागेत नरसिंह आणि शिवलिंग. नरसिंहानं जलासुराला मारलं आणि तो पाणी होऊन देवाच्या पायाशी राहिला, अशी कथा सांगतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. आईचा नवस होता, म्हणून गेलो. पाणी छातीला लागलं तशी धाप लागली. थंड पाण्यात शरीर हे करतंच, श्वास एकदम आखडतो. पुढच्या बाई मागे न बघता म्हणाल्या, "श्वास सोडा दादा, हळू सोडा." सोडला. लांब श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच कळलं की पाचव्या-सहाव्या श्वासाला काळजाची धडधड उतरली. पाण्यात भरभर चालता येत नाही, त्यामुळे पावलं आपोआप मंदावतात. एकामागून एक चालावं लागतं, म्हणून पुढे जायची घाई करता येत नाही. समोरचा दिवा आणि पुढच्या माणसाची पाठ एवढंच दिसतं. बोलणं थांबतं. दोन महिने डोक्यात दवाखान्याचे जे हिशेब फिरत होते, त्यांना त्या तीनशे मीटरांत जागा उरली नाही. बाहेर ऊन लागलं तेव्हा मी रडलो. दहनाच्या दिवशी रडलो नव्हतो.

श्रद्धेनं जाणारा याला देवाचं देणं म्हणेल. मला त्याच्याशी भांडण नाही. श्वास, पाणी, अंधार, संथ चाल आणि सोबत या पाच गोष्टी जुन्या माणसांनी एका जागी आणून ठेवल्या, त्यांची जाण मोठी होती. मात्र तीच जागा ज्याला बंद खोलीची भीती आहे त्याला घाबरवून सोडेल. हृदयविकार, दमा असलेल्यानं तर तिथे उतरूच नये. जागा मानवली पाहिजे असं कॅप्लन म्हणतात ते यासाठीच. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेल असं जागांच्या बाबतीतही धरून चालता येत नाही.

जागेला अर्थ येतो तो बऱ्याचदा माणसांमुळे. बीदरबाहेर अष्टूरला बहमनी सुलतानांचे घुमट आहेत. त्यांतल्या अहमदशहा वलीनं पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आताच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. त्याच्या कबरीवर होळीनंतर उरूस भरतो आणि त्यात कलबुर्गी जिल्ह्यातले लिंगायत जंगम मिरवणुकीनं येऊन मान घेतात. काही भाविक अहमदशहाला लिंगायत संत अल्लमप्रभूचं रूप मानतात. एकाच घुमटाखाली एकजण फातेहा वाचतो, दुसरा नारळ फोडतो. तिथे दरवर्षी जाणाऱ्या माणसाला वास्तुकलेचं फारसं सोयरसुतक नसतं. आपल्याला ओळखणारी चार माणसं तिथे भेटतील, याची त्याला खात्री असते. गावातला पिंपळाचा पार, चहाची टपरी, वाचनालयाचा बाक हेही याच कामाचे. घर आणि कामधंदा सोडून ज्या तिसऱ्या जागी माणूस नुसता येऊन बसू शकतो, तिच्यावर अमेरिकेतल्या रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं. आपल्याकडे पार होताच. आता कितीतरी गावांत पारावर दुकानांच्या फळ्या आल्या आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि बायकांचं काय? पारावर त्यांना कुणी बसू दिलं नाही. त्यांची जागा म्हणजे माहेर. या एका शब्दात केवढा विसावा आहे हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. जात्यावरच्या ओव्यांतून माहेर काढून टाकलं तर फार थोडं उरेल. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं, तेही जिथे काही सिद्ध करावं लागत नाही अशी जागा म्हणून. बीदर-भालकीच्या मुली उदगीर, देवणी, निलंग्याला दिलेल्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मधून रेघ गेली आणि पुढे सासर महाराष्ट्रात, माहेर कर्नाटकात असं झालं. बसमध्ये पाटीची लिपी बदलते आणि बाईला कळतं की आता आपलं गाव आलं.

जागा मनासाठी काय करत असते, हे ती गेल्यावर जास्त कळतं. घरच्या ओढीनं माणूस आजारी पडतो, याला वैद्यकात नाव दिलं ते योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये. नोस्टॅल्जिया हा शब्द त्यानं आजाराचं नाव म्हणून घडवला. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर फार लांब जायला नको.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं झोपेत गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं भरभक्कम माळवद, तेच अंगावर आलं. हादरा इथे आमच्या घरालाही बसला, भिंतीला बोट जाईल अशी चीर पडली. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, मापात आखलेले प्लॉट, सिमेंटची घरं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं आणि एवढं मोठं काम उभं करणाऱ्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

तरीही नव्या गावात माणसं हरवली. जुनं गाव दाट होतं. एका ढेलजेत बोललेलं समोरच्या ओसरीवर ऐकू यायचं. नवं गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. शेजार चिठ्ठ्यांवर, याद्यांवर ठरला. मी तिकडच्या एका नातेवाईक मावशींना भेटायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "घर चांगलंय बाबा, पाऊस गळत नाही. पण दारात बसलं तर दिसायला कोण आहे?" हिप्पोकॅम्पसचा नकाशा आठवा. त्यांच्या मनातल्या नकाशात आड, पार, जावेचं दार, देवळाची पायरी या खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला गेलेलं माणूस टांगलेलं होतं. एका पहाटे माणसंही गेली आणि त्यांना आठवायच्या जागाही गेल्या.

पण तीच गावं आज पाहिली तर दिसतं की लोकांनी त्या घरांना हळूहळू आपलं केलं. पुढे ओसरी काढली, पत्र्याची पडवी टाकली, कुंपण घातलं, कडुलिंब लावले, देऊळ बांधलं. कडुलिंबाखाली ओटा झाला, ओट्यावर माणसं बसू लागली. भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांना तेच गाव आपलं वाटतं. अर्थ जागेत मुळापासून भरलेला नसतो. पुन्हा पुन्हा जाण्यानं, हातांनी काहीतरी करण्यानं, तिथे कुणीतरी भेटण्यानं तो साठत जातो. त्याला वर्षं लागतात.

म्हणून कुणी विचारलं की मला अशी जागा नाही, मी काय करू, तर मी सांगतो की आधी जाता येईल एवढी जवळची निवडा. वर्षातून एकदा पाहिलेल्या थंड हवेच्या ठिकाणापेक्षा रोजच्या वाटेवरचं चिंचेचं झाड जास्त कामाला येतं. किल्ल्याच्या तटावरची एक कमान, गच्चीचा कोपरा, गुरुद्वाऱ्यातली पायरी, काहीही चालेल. ठरावीक वेळी जा. फोन खिशातच राहू द्या. तिथे काहीतरी करा: पाणी घाला, झाडलोट करा, पाखरांना दाणे टाका. हातांनी केलेलं शरीर विसरत नाही. आणि जागा बदलावी लागली, गाव सुटलं, तर तिच्यातलं काहीतरी बरोबर न्या. परदेशातल्या फ्लॅटच्या खिडकीत तुळशीची कुंडी ठेवणारी मराठी बाई हेच करत असते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. जागा थकलेल्या मनाला विसावा देते, दुःखाला वाट देते. आजार झालेल्या मनाला तेवढं पुरत नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर, गाणगापुरात, मनानं बिघडलेल्या माणसांना घेऊन कुटुंबं येतात आणि कित्येक दिवस राहतात. त्यांची तळमळ खरी असते. दत्ताच्या पायाशी जरूर बसा, पण बरोबर डॉक्टरांकडेही जा. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, भलतेच आवाज ऐकू येत असतील, जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. माझा भाऊही येळवसच्या झोपेवर थांबला नाही. डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत, आणि आता दर महिन्याला एकदा शेतात येऊन जातो.

आमचं चीर पडलेलं माळवदाचं घर शेवटी पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. आईनं बाकी कशात लक्ष घातलं नाही, फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीत देवळी हवी म्हणून गवंड्यामागे लागली. जुन्या देवळीचा घडीव दगड तिनं राखून ठेवला होता. गवंडी म्हणाला, "आई, आता कपाट असतं, देवळी कशाला?" तिनं खांद्याएवढ्या उंचीवर हात धरून दाखवला आणि तिथेच बसवून घेतली. त्यात दिवा असतो आणि काडेपेटी. रात्री वीज जाते तेव्हा आम्ही सगळे अंधारात फोन चाचपडत असतो, आणि तोवर स्वयंपाकघरात काडी ओढल्याचा आवाज येतो.